सांगलीची फलंदाज

दिवाळी उलटली म्हणजे आमच्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या कापणीची एकच घाई उडते. कापलेले भारे खळ्यावर जाऊन पडले, की ज्या बांध्यांत लाखोळी टाकलेली नसते त्यांचा ताबा गावातील मुले घेतात. धसकटे कुदळीने खरडून, वर पाणी शिंपडून आणि पायांनी चोपून ती एक पट्टी तयार करतात, दोन्ही टोकांस काठ्या रोवतात, आणि मग दिवस मावळेपर्यंत तेथे क्रिकेटचा खेळ रंगतो. चेंडू सरपटत बांधाला लागला तर चार धावा, बांधावरून उडून पलीकडे गेला तर सहा, असा त्यांचा साधा नियम असतो. बांधावर मुलीही असतात. कोणाच्या कडेवर धाकटे भावंड असते, कोणी शेळ्या राखावयास आलेली असते. खेळात त्यांना स्थान नसते. परंतु चेंडू पलीकडच्या नाल्यात गेला म्हणजे तो आणून देण्याचे काम मात्र त्यांच्याकडे असते.

मी याच जिल्ह्यातील एका शाळेत पुष्कळ वर्षे मुख्याध्यापक होतो. क्रिकेटचे साहित्य आमच्या शाळेतही होते. ते एका लाकडी पेटीत ठेवलेले असे, आणि त्या पेटीची किल्ली नेहमी एखाद्या मुलाच्या हाती असे. मुलींसाठी लेझीम, लंगडी आणि खो-खो हे खेळ जणू ठरूनच गेले होते. ते खेळ उत्तम आहेत. त्यांविषयी माझी तक्रार नाही. परंतु पेटीची किल्ली मुलींच्या हाती कधीच का जात नाही, हा प्रश्न इतक्या वर्षांत माझ्या मनाला एकदाही शिवला नाही, हे मला आज कबूल केले पाहिजे. ज्या मुलीची हकीकत येथे सांगावयाची आहे, तिच्या घरी हा प्रश्न मुळी उद्भवलाच नाही. तिच्या पुढील कर्तृत्वाचा उगम तेथेच शोधावा लागतो.

स्मृती श्रीनिवास मानधना हिचा जन्म १८ जुलै १९९६ रोजी मुंबईत झाला. ती दोन वर्षांची असताना तिचे कुटुंब सांगलीजवळ माधवनगर येथे राहावयास आले. वडील श्रीनिवास मानधना हे तरुणपणी सांगली जिल्ह्याच्या संघातून क्रिकेट खेळलेले. थोरला भाऊ श्रवण हाही वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून जिल्ह्याच्या संघात गेला आणि पुढे महाराष्ट्राच्या सोळा वर्षांखालील मुलांच्या संघातून खेळू लागला. भाऊ मैदानाकडे निघाला की ही चिमुरडी त्याच्या मागोमाग जाई. तो डाव्या हाताने फलंदाजी करी, म्हणून हिनेही बॅट तशीच धरली. गंमत अशी की स्मृती चेंडू फेकते तो उजव्या हाताने! भावाची नक्कल करता करता तिला जी डावखुरी ढब लागली, तीच पुढे जगभरच्या प्रेक्षकांच्या कौतुकाचा विषय झाली.

तिच्या खेळासाठी अवघे घरच राबत असे, असे म्हटले तरी चालेल. सरावाची आखणी वडील करीत, आहार व पोशाख यांची काळजी आई वाहे आणि चेंडू टाकावयास भाऊ सदैव तयार असे. वयाच्या नवव्या वर्षी तिची महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील मुलींच्या संघात निवड झाली आणि अकराव्या वर्षी ती एकोणीस वर्षांखालील संघात गेली. आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या असलेल्या मुलींच्या बरोबरीने खेळावयास उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हे.

सांगलीत तिचा सराव चाले तो सिमेंटच्या पट्टीवर. आपल्या लहान शहरांत बहुधा अशीच सोय असते. कारण मातीची चांगली खेळपट्टी राखावयाची म्हणजे तिला रोज पाणी देणे, गवत बेताने कापणे आणि रोलर फिरविणे आले. त्याला माणूस लागतो, पैसाही लागतो. सिमेंटची पट्टी एकदा केली की वर्षानुवर्षे टिकते. पण दोहोंवरील खेळात फार अंतर आहे. सिमेंटवर चेंडू सरळ, वेगाने आणि सारख्याच उंचीने येतो. त्यामुळे नजर व हात यांचा मेळ उत्तम बसतो. मातीवर तोच चेंडू टप्पा पडल्यावर कधी आत वळेल, कधी बाहेर जाईल, कधी अकस्मात उसळेल, तर कधी जमिनीलगत घसरेल. सिमेंटवर शिकलेल्या खेळाडूला हे सारे पुढे परक्या मैदानावर, आणि तेही प्रत्यक्ष सामन्यात शिकावे लागते. स्मृतीच्या खेळाची पुढील कथा म्हणजे बहुतांशी या शिक्षणाची कथा होय.

येथे थोडे मागे वळून पाहणे इष्ट ठरेल. आपल्या देशात स्त्रियांच्या क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ साली पुण्यात झाली. त्या स्पर्धेत मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे अवघे तीन संघ होते. १९७६ साली वेस्ट इंडिजच्या संघाविरुद्ध भारतीय महिला प्रथमच कसोटी सामने खेळल्या. त्या पिढीतील खेळाडू आगगाडीच्या साध्या डब्यातून, कित्येकदा राखीव जागेवाचून प्रवास करीत आणि शाळा-महाविद्यालयांच्या खोल्यांत जमिनीवर अंथरूण घालून निजत. मुंबईच्या डायना एदलजी, पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी या नामवंत गोलंदाजही त्याला अपवाद नव्हत्या. २००६ साली महिलांचे क्रिकेट भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखाली आले आणि हळूहळू परिस्थिती पालटू लागली. त्या वर्षी स्मृती दहा वर्षांची होती. आधीच्या स्त्रियांनी खाचखळग्यांतून काढलेली वाट ज्या वेळी जरा रुंद होऊ लागली, नेमक्या त्याच वेळी तिचे पाऊल त्या वाटेवर पडले, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

२०१३ च्या एप्रिल महिन्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, बांगलादेशाविरुद्ध ती भारताकडून पहिल्यांदा खेळली. परंतु तिचे नाव खऱ्या अर्थाने सर्वतोमुखी झाले ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. वडोदरा येथे एकोणीस वर्षांखालील मुलींच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत महाराष्ट्राचा सामना गुजरातशी होता. त्या दिवशी स्मृतीने १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा काढल्या. एका दिवसाच्या सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्या वेळी तिच्या हातात जी बॅट होती तिचीही एक हकीकत आहे. थोर फलंदाज राहुल द्रविड यांची व श्रवणची एकदा गाठ पडली असता त्याने आपल्या बहिणीच्या खेळाविषयी त्यांना सांगितले आणि तिच्यासाठी एक बॅट मागितली. द्रविड यांनी आपल्या साहित्यातील एक बॅट काढून तीवर तिचे नाव लिहिले, खाली स्वाक्षरी केली आणि ती श्रवणच्या हाती दिली. ही बॅट खरे म्हणजे काचेच्या कपाटात ठेवावयाची. पण स्मृती ती घेऊन मैदानात उतरली. मला तरी हे फार योग्य वाटते.

दुसऱ्या वर्षी, २०१४ च्या ऑगस्टात, भारतीय संघ इंग्लंडमध्ये वर्म्सली येथे कसोटी सामना खेळावयास गेला. आठ वर्षांत भारतीय महिला एकही कसोटी सामना खेळल्या नव्हत्या. संघातील अकरा जणींपैकी आठ जणींचा तो पहिलाच कसोटी सामना होता, आणि स्मृती त्यांपैकीच एक. इंग्लंडची हवा दमट, आकाश ढगाळ. अशा हवेत नवा चेंडू टप्पा पडण्यापूर्वीच वाऱ्यात वळतो. सांगलीच्या सिमेंटवर असे कधी घडले नव्हते. पहिल्या डावात तिने २२ धावा केल्या. दुसऱ्या डावात भारताला विजयासाठी १८१ धावा हव्या असताना सलामीला येऊन तिने ५१ धावा काढल्या आणि भारताने इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर सहा गडी राखून हरविले. मिताली राज ही त्या वेळी संघाची कर्णधार होती.

२०१६ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात होबार्ट येथे स्मृतीने आपले पहिले आंतरराष्ट्रीय शतक झळकाविले. सामना भारताने गमावला. पण ऑस्ट्रेलियातील जाणकारांचे लक्ष या मुलीकडे वेधले गेले. त्या देशात महिलांच्या संघांची बिग बॅश नावाची एक स्पर्धा होते आणि तीत परदेशच्या खेळाडूंनाही घेतात. तोवर एकही भारतीय महिला त्या स्पर्धेत खेळली नव्हती. २०१६ साली प्रथमच दोघींशी करार झाले. पंजाबची हरमनप्रीत कौर सिडनी थंडर या संघात गेली आणि स्मृती ब्रिस्बेन हीट या संघात.

परदेशच्या संघातून खेळणे म्हणजे काय, याचा आपण क्षणभर विचार करू. आपल्या संघाबरोबर परदेशी गेलेल्या खेळाडूभोवती आपली माणसे असतात, आपली भाषा असते. येथे वीस वर्षांची मुलगी एकटी. खोलीतील सोबती परकी, जेवण परके, इंग्रजीचा उच्चारही कानाला अनोळखी. शिवाय परदेशी खेळाडूची जागा संघात मोजकीच असते. तिने धावा केल्या नाहीत तर ती जागा अडवून बसली असे लोक म्हणणार. ऑस्ट्रेलियाच्या टणक खेळपट्ट्यांवर चेंडू छातीपर्यंत उसळून येतो, आणि डावखुऱ्या फलंदाजाचे देखणे फटके तेथे झेल होऊन क्षेत्ररक्षकांच्या हाती विसावतात. त्या वर्षी बारा डावांत मिळून स्मृतीच्या धावा झाल्या अवघ्या ८९.

याहून मोठे संकट पुढेच होते. २०१७ च्या जानेवारीत मेलबर्न रेनेगेड्स या संघाविरुद्धच्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना तिचा पाय वेडावाकडा पडला आणि गुडघ्याला जबर दुखापत झाली. आपल्या गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना बांधून ठेवणारे दोरीसारखे बळकट बंध असतात. त्यांपैकी पुढचा बंध तुटला. हा बंध तुटलेला मनुष्य सरळ रस्त्याने कदाचित चालू शकेल. पण धावता धावता एकदम वळणे, थबकणे, उडी मारून एका पायावर उतरणे या गोष्टी त्याला साधत नाहीत, आणि क्रिकेट तर याच गोष्टींवर उभे आहे. पुष्कळ खेळाडूंना अशा दुखापतीतून परत येण्यास सहा ते नऊ महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. विश्वचषकाची स्पर्धा तर पाच महिन्यांवर आली होती.

ते पाच महिने म्हणजे रोज तोच तो कंटाळवाणा व्यायाम. प्रथम गुडघा वाकविणे, मग त्यावर भार देणे, मग जिना चढणे, मग धावणे. यात टाळ्या नाहीत, धावफलक नाही, वृत्तपत्रांत छायाचित्र नाही. या काळात भारतीय संघ विश्वचषकाची पात्रता-फेरी खेळला, दक्षिण आफ्रिकेत चौरंगी स्पर्धाही खेळला. स्मृती कोठेच नव्हती. आणि मग २४ जून २०१७ रोजी डर्बी येथे विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात यजमान इंग्लंडविरुद्ध ती सलामीला आली व ७२ चेंडूंत ९० धावा करून गेली. पाच दिवसांनी टाँटन येथे वेस्ट इंडिजविरुद्ध तिने नाबाद १०६ धावा काढल्या. सांगलीत पेढे वाटावयाची तयारी झाली असेल!

परंतु खेळ हा कोणाच्या मुरवतीत राहत नाही. त्यापुढील सात सामन्यांत तिच्या धावा अशा झाल्या : २, ८, ४, ३, १३, ६ आणि ०. यांतील शेवटचे शून्य अंतिम सामन्यातील आहे. २३ जुलै रोजी लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर इंग्लंडच्या २२८ धावांचा पाठलाग करावयास भारतीय संघ उतरला आणि ॲन्या श्रबसोल हिच्या चेंडूवर स्मृती एकही धाव न काढता त्रिफळाचित झाली. तिच्या मागून आलेल्यांनी डाव सावरला. तीन बाद १९१ अशी सुस्थिती असताना उरलेले सात गडी अवघ्या २८ धावांत कोसळले आणि भारताचा नऊ धावांनी पराभव झाला. नऊ धावा म्हणजे किती? दोन चौकार आणि एक धाव. सलामीच्या फलंदाजाने आपल्या शून्याशेजारी हा आकडा मांडून पाहिला नसेल, असे मला वाटत नाही.

पुढच्याच वर्षी, २०१८ साली, ती पुन्हा इंग्लंडमध्ये गेली. या वेळी वेस्टर्न स्टॉर्म या इंग्रज संघाची खेळाडू म्हणून. इंग्लंडच्या त्या स्पर्धेत खेळणारी ती पहिली भारतीय महिला. या संघाचे घरचे मैदान म्हणजे टाँटन, जेथे आदल्या वर्षी तिने शतक केले होते. पावसामुळे सहा षटकांवर आलेल्या एका सामन्यात तिने तेथे १८ चेंडूंत अर्धशतक केले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी लँकेशायर थंडर या संघाविरुद्ध ६१ चेंडूंत १०२ धावा केल्या. त्या स्पर्धेत सर्वांत अधिक, म्हणजे ४२१ धावा तिच्याच झाल्या. ब्रिस्बेनच्या ८९ आणि या ४२१ यांमध्ये दीड-दोन वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अंतरात एक तुटलेला गुडघा आहे. वर्षअखेरीस आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तिला वर्षातील सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू म्हणून गौरविले. तिला मिळालेल्या पुरस्कारांची यादी मोठी आहे. ती येथे देऊन वाचकांस शिणवीत नाही.

२०२१ सालची एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. त्या वर्षी भारतीय महिलांना ऑस्ट्रेलियात दिवस-रात्रीचा कसोटी सामना प्रथमच खेळावयाचा होता. हा सामना गुलाबी चेंडूने खेळतात. दिव्यांच्या प्रकाशात लाल चेंडू नीट दिसत नाही म्हणून ही योजना. गुलाबी चेंडूवरील रंगाचा थर वेगळा असल्यामुळे त्याचे वळणे आणि नजरेला दिसणे हेही वेगळे असते, विशेषतः सायंकाळच्या संधिप्रकाशात. संघाला त्या चेंडूने सराव करावयास केवळ दोन सत्रे मिळाली. परंतु स्मृतीने त्यापूर्वीच, इंग्लंडमध्ये सदर्न ब्रेव्ह या संघातून खेळत असताना, एक गुलाबी चेंडू मागवून घेतला होता. तीन महिने तो तिच्या साहित्याच्या पिशवीत होता. ती तो नुसता हातात घेऊन न्याहाळीत बसे. त्याच्याशी ओळख व्हावी, एवढाच हेतू. कॅरारा येथील त्या सामन्यात ऐंशी धावांवर असताना ती झेलबाद झाली. पण तो चेंडू नियमबाह्य ठरला आणि तिला जीवदान मिळाले. पुढे तिने १२७ धावा केल्या. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर कसोटी शतक करणारी ती पहिली भारतीय महिला. कॅरारा हे ब्रिस्बेनपासून फार दूर नाही. ज्या प्रांतातील संघाने पाच वर्षांपूर्वी तिला आणले आणि जेथून ती लंगडत परतली, त्याच प्रांतात हे घडले.

त्यानंतर दीड महिन्याने बिग बॅश स्पर्धेत सिडनी थंडरकडून खेळताना तिने ६४ चेंडूंत नाबाद ११४ धावा काढल्या. समोर होता तोच मेलबर्न रेनेगेड्स संघ, ज्याच्याविरुद्ध तिचा गुडघा दुखावला होता. शेवटच्या षटकात तेरा धावा हव्या असताना ते षटक टाकावयास आली हरमनप्रीत कौर! मायदेशी एकाच संघातून खेळणाऱ्या दोघी मैत्रिणी परक्या भूमीवर एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या. हरमनप्रीतने ते षटक असे टाकले की थंडर संघ चार धावांनी हरला. मैत्री मैदानाबाहेर ठेवून खेळावयाचे असते, हे दोघींनाही ठाऊक होते.

परदेशी संघांत जे मायदेशच्या खेळाडूंना मिळे, ते आपल्या मुलींना आपल्याच देशात मिळण्यास २०२३ साल उजाडले. त्या वर्षी भारतात महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली. १३ फेब्रुवारी रोजी मुंबईत खेळाडूंचा लिलाव झाला आणि बंगळुरूच्या संघाने स्मृतीसाठी ३ कोटी ४० लाख रुपये मोजले. त्या लिलावातील ती सर्वांत मोठी बोली. खेळाडूची अशी बोली लावणे माझ्या पिढीच्या मनाला जरा खटकते. तथापि ज्या खेळातील स्त्रिया एके काळी आगगाडीच्या दाराशी बसून प्रवास करीत, त्या खेळाची किंमत लोकांना कळू लागली, असाही त्याचा अर्थ घेता येईल. कर्णधार म्हणून तिचे पहिले वर्ष वाईट गेले. संघ पहिले पाचही सामने हरला आणि तिच्या स्वतःच्या आठ डावांत १४९ धावा झाल्या. इतकी किंमत आणि इतक्या धावा, असा हिशेब मांडणारे लोक कमी नव्हते. दुसऱ्या वर्षी, १७ मार्च २०२४ रोजी, दिल्ली येथे तिच्या संघाने अजिंक्यपद मिळविले.

आता २०२५ चा विश्वचषक. स्पर्धा मुख्यतः भारतात होती. स्मृती संघाची उपकर्णधार होती आणि हरमनप्रीत कर्णधार. पहिल्या तीन सामन्यांत स्मृतीच्या धावा ८, २३ आणि २३. त्या तिसऱ्या सामन्यापासून भारत लागोपाठ तीन सामने हरला. त्यांतील तिसरा पराभव इंदूरचा. इंग्लंडच्या २८८ धावांचा पाठलाग करताना स्मृती ८८ धावांवर खेळत होती आणि विजय हाताशी आला होता. तेवढ्यात एक उंच फटका मारण्याच्या नादात ती झेलबाद झाली. पाठोपाठ डाव गडगडला आणि भारत चार धावांनी हरला. सामन्यानंतर तिने पराभवाचे खापर दुसऱ्या कोणावर फोडले नाही. फटक्याची निवड आपली चुकली आणि पडझडीचा आरंभ आपल्यापासून झाला, असे तिने सर्वांसमोर सांगितले. शाळेत तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला ठाऊक असते, की चूक झाली असे म्हणणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात. नेमकी कोठे झाली हे सांगणारे थोडे.

चारच दिवसांनी नवी मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध तिने १०९ धावा केल्या आणि प्रतिका रावल हिच्यासह पहिल्या जोडीसाठी २१२ धावा जोडल्या. उपांत्य सामन्यात मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्ज हिने नाबाद १२७ धावा करून बलाढ्य ऑस्ट्रेलियाला नमविले. प्रतिका जायबंदी झाल्यामुळे तिच्या जागी शफाली वर्मा संघात आली होती.

अंतिम सामना २ नोव्हेंबर रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर होता. प्रतिपक्षी दक्षिण आफ्रिका. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला. आमच्याकडे ते दिवस कापणीचे. दिवसभर वाकून थकलेली माणसे लवकर निजतात. त्या रात्री मात्र कित्येक घरांतील दिवे जळत होते. स्मृती आणि शफाली यांनी सलामीला १०४ धावा केल्या. स्मृतीच्या त्यांत ४५. आकडा मोठा नाही. परंतु आठ वर्षांपूर्वी लॉर्ड्सवर जेथे शून्य होते तेथे या वेळी भक्कम पाया घातला गेला. शफालीने ८७ आणि दीप्ती शर्माने ५८ धावा केल्या. भारताच्या २९८ धावा झाल्या. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्व्हार्ट हिने १०१ धावा करून एकाकी झुंज दिली. परंतु दीप्तीने पाच गडी बाद केले आणि मध्यरात्रीच्या सुमारास भारत ५२ धावांनी विजयी झाला. संपूर्ण स्पर्धेत स्मृतीच्या ४३४ धावा झाल्या. भारताकडून कोणाच्याही याहून अधिक नव्हत्या.

या विजयाच्या मुळाशी एक जुने वचन होते. २०२२ साली न्यूझीलंडमध्ये विश्वचषकातील अखेरचा साखळी सामना भारत अगदी शेवटच्या चेंडूवर हरला आणि स्पर्धेबाहेर गेला. बंगालची ज्येष्ठ वेगवान गोलंदाज झूलन गोस्वामी हिचा तो अखेरचा विश्वचषक. दुखापतीमुळे त्या सामन्यात तिला खेळताही आले नव्हते. त्या रात्री हरमनप्रीत आणि स्मृती तिच्या खोलीत गेल्या. पुढच्या वेळी तू आमच्याबरोबर असशील की नाही कोण जाणे, पण चषक आम्ही तुझ्यासाठी जिंकू, असे त्या दोघींनी तिला सांगितले. झूलन दोन दशके खेळली, २००५ आणि २०१७ असे दोन अंतिम सामने तिने पाहिले, आणि दोन्ही वेळा ती रिकाम्या हाताने परतली होती.

नवी मुंबईत चषक हाती आल्यावर भारतीय मुलींनी मैदानाला फेरी घातली. मैदानाच्या कडेला झूलन, मिताली राज आणि अंजुम चोप्रा या निवृत्त खेळाडू उभ्या होत्या. त्यांपैकी कोणीही त्या दिवशी एकही चेंडू खेळली नव्हती. मुलींनी त्यांना मैदानात ओढून घेतले आणि चषक त्यांच्या हाती दिला. झूलनने तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला, आणि मग तिला अश्रू आवरेनात.